नाताळचं झाड: कुंडीतलं की प्लास्टिकचं?

नोव्हेंबरच्या शेवटी भाच्याचा फोन आला. तो मीरा रोडला सातव्या मजल्यावर राहतो, मुलगी चार वर्षांची आहे. "आत्या, यंदा पोरीने झाडाचा हट्ट धरलाय. खरं आणू की प्लास्टिकचं?" मी त्यालाच विचारलं, "सात जानेवारीला ते झाड कुठे ठेवशील?" तिकडून थोडा वेळ आवाजच नाही. मग म्हणाला, "त्याचा विचार नाही केला गं."

बहुतेक घरांत हाच विचार राहून जातो. आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, संपत आला की पंधरा-सोळा डिसेंबरला झाड घरात येतं. ६ जानेवारीला तीन राजांचा सण (बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या राजांचा) झाला की नाताळचा तारा, गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा, माळा सगळं उतरवायचं. म्हणजे झाड मिरवतं तीन आठवडे. उरलेले एकोणपन्नास आठवडे ते कुठे राहणार, त्याला पाणी कोण घालणार किंवा त्याची धूळ कोण पुसणार, हे आधी ठरवा. कुठलं झाड घ्यायचं ते त्यातूनच ठरतं.

मी वसईची. माहेर वाडीतलं, सासरही वाडीतलं. सोनचाफा, मोगरा, वेलची केळी यांच्यात हयात गेली, आणि मधली एकतीस वर्षं शाळेत शिकवलं. सुरूची फांदी, कुंडीतलं झाड आणि प्लास्टिकचं झाड, तिन्ही आमच्या घरात नांदून गेली आहेत. त्यामुळे जे सांगते ते हाताखालून गेलेलं आहे.

सुरूची फांदी: आठवण गोड, पण आता नको

माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, आमच्या गावात 'ख्रिसमस ट्री' विकत आणायची गोष्टच नव्हती. किनाऱ्यावर सुरूचं बन होतं. चोवीस तारखेला सकाळी वडील आणि काका सायकलवर जायचे आणि कॅरियरला एक मोठी फांदी बांधून आणायचे. डालडाच्या मोठ्या डब्यात ओली वाळू भरून ती फांदी त्यात रोवायची. डब्याला लाल पतंगी कागद. आई उशीतला कापूस काढून द्यायची, तो बर्फ म्हणून फांदीवर पसरायचा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी आम्ही वर्षभर वहीत दाबून जपून ठेवलेली असायची, तिच्या चांदण्या कापायच्या.

सुरूची जी हिरवी सुई दिसते ती खरं म्हणजे पान नाही. ती बारीक डहाळी असते, पेराला पेर जोडलेली, आणि प्रत्येक पेरावर डोळ्यांना जेमतेम दिसतील असे पानांचे इवले दात असतात. एखाद्या पेरावर ती अलगद ओढली की सुटते आणि तशीच परत बसवता येते. आम्ही मुली एकीने सुटी करून जोडायची, दुसरीने 'कुठे तुटलीय सांग' म्हणून ओळखायचं, असा खेळ मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या वाटेवर खेळत असू. ही डहाळी पेरापेराला सुटते, त्यामुळे तोडलेली फांदी तीन-चार दिवसांत झडायला लागते. नाताळच्या दुसऱ्या दिवशी खाली तपकिरी सडा पडलेला असायचा आणि आई केरसुणी घेऊन बडबडत असायची.

आज कुणी विचारलं, "फांदी आणू का?" तर मी नाही म्हणते. किनाऱ्यावरचं सुरू कुणाची मालमत्ता नसल्यासारखं वाटतं, पण ते वाऱ्याला आणि उडत्या वाळूला अडवायला लावलेलं असतं. त्याच्या मागे आमच्या वाड्या आहेत. शिवाय शहरी भागातली झाडं तोडण्यावर १९७५ च्या राज्याच्या झाडांच्या कायद्याने बंधन आहे. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि झाडाला इजा करणंही त्यात येतं. पूर्वी पन्नास घरं पन्नास फांद्या आणायची. आता एवढी वस्ती झाल्यावर सगळ्यांनी एकेक फांदी आणली तर बन उरणार नाही. वादळात आपोआप पडलेली फांदी स्वतःच्या वाडीत असेल तर खुशाल सजवा. पण ती झटपट वाळते, म्हणून तिच्या आसपास मेणबत्ती नको.

कुंडीतलं झाड: आपल्याकडचं 'खरं' झाड

फर आणि स्प्रूस ही थंडीतली झाडं. वसईच्या दमट हवेत ती जगायची नाहीत. आपल्याकडच्या नर्सरीत 'ख्रिसमस ट्री' म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा अरोकेरिया असतं. ते मूळचं ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दरम्यान असलेल्या नॉरफोक बेटावरचं. त्याचाच जवळचा भाऊ, न्यू कॅलेडोनियातला कुक पाइन, आपल्याकडे त्याच नावाने विकला जातो आणि रोप लहान असताना दोघांत फरक करणं अवघड असतं. दोन्ही बेटावरची झाडं असल्यामुळे खारा वारा सोसतात. वसईपासून गोव्यापर्यंत किनाऱ्यावरच्या अंगणांत ही झाडं चांगली वाढतात ती यामुळेच.

घेताना काय बघायचं ते नीट सांगते, कारण इथेच लोक फसतात.

पहिलं म्हणजे शेंडा. अरोकेरियाला मधोमध एकच सरळ खोड असतं आणि त्याला मजल्यामजल्याने चार-पाच-सहा फांद्यांची चक्रं फुटतात, छत्रीच्या काड्यांसारखी. सगळ्यात वरचा कोवळा शेंडा धड आहे ना, ते बोटाने चाचपून बघा. मोडलेला किंवा कापलेला शेंडा असेल तर ते रोप नर्सरीतच राहू द्या, कितीही स्वस्त मिळो. माझ्या बहिणीने एकदा एका नर्सरीतून हौसेने असंच एक आणलं. दिसायला हिरवंगार, पण वर्ष झालं, दोन झाली, उंची वाढेना, नुसतं आडवं पसरत गेलं. नंतर कळलं की ते बियाणापासून केलेलं रोप नव्हतंच, बाजूच्या फांदीची कलमकाडी लावलेली होती. बाजूची फांदी लावली की ती जन्मभर बाजूलाच वाढते, उभं झाड कधी होत नाही. म्हणून खोड जमिनीतून सरळ वर आलंय आणि फांद्या चारी बाजूंनी सारख्या आहेत का ते गोल फिरून बघा.

दुसरं, खालची चक्रं. तळाच्या फांद्या वाळून गळालेल्या असतील तर त्या जागी नवीन फांदी येत नाही. खालून बोडकं झालेलं झाड वरून कितीही सजवलं तरी बोडकंच दिसतं.

तिसरं, एका कुंडीत किती खोडं आहेत ते मोजा. दाट दिसावं म्हणून दोन-तीन रोपं एकत्र लावलेली असतात. नाताळला ते छान दिसतं, पण पुढे ती एकमेकांचं अन्न खातात. एकच खोड घ्या, विरळ दिसलं तरी चालेल.

आणि डिसेंबरची वाट बघू नका. सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की घ्या. मी २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये दोन फुटांचं रोप साडेतीनशेला घेतलं. तसलंच रोप वीस डिसेंबरला शेजारणीला सातशे सांगितलं. भावापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे रोपाला आपल्या घरच्या हवेची सवय व्हायला दोन महिने मिळतात. नर्सरीच्या हिरव्या जाळीखालून उचललेलं झाड थेट पंख्याखाली, दिव्यांच्या माळांत आणलं की ते हिरमुसतं.

माझं ते दोन फुटांचं झाड आता पाच फुटांवर गेलंय, अजून कुंडीतच आहे. त्याचं वेळापत्रक असं. वर्षभर ते पूर्वेच्या ओट्यावर असतं, सकाळचं ऊन मिळतं, दुपारचं थेट ऊन नाही. कुंडीत अर्धी पोयटा माती, बाकी कुजलेलं शेणखत आणि जाड वाळू, म्हणजे निचरा होतो. वरची बोटभर माती कोरडी झाली की पाणी, त्याआधी नाही. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देत नाही, मुळं कुजतात. आठवड्याला कुंडी पाव वळसा फिरवते, नाहीतर उजेडाकडे तोंड करून झाड वाकडं होतं. दर दोन-तीन वर्षांनी पावसाच्या सुरुवातीला एक माप मोठी कुंडी. पिठ्या ढेकूण, म्हणजे कापसासारखी पांढरी कीड, दिसला तर कडुनिंबाचं तेल पाण्यात साबणाच्या चार थेंबांबरोबर घुसळून फवारायचं.

पंधरा डिसेंबरला झाड घरात येतं, खिडकीजवळ. एसीच्या झोतासमोर अजिबात नको, कोरड्या हवेने सुया टोकाकडून तपकिरी होतात. कुंडीला मी सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळते. फांद्या नाजूक असतात, टोकाला जड काचेचा गोळा लटकवला की मान टाकतात. म्हणून कागदाच्या चांदण्या, वाळलेल्या शेंगा, लोकरीचे गोंडे, असलं हलकं सामान. माळा फक्त एलईडीच्या, जुन्या बारीक बल्बांच्या नकोत, त्या तापतात. आणि पाणी घालायचं ते माळ बंद करून, सॉकेटमधून पिन काढून. नाताळच्या गडबडीत हे विसरायला होतं.

सात जानेवारीला ते परत ओट्यावर जातं. थेट उन्हात नाही. पहिला आठवडा आंब्याच्या सावलीत आणि मग हळूहळू उजेडात.

पुण्या-नाशिकला हे झाड जमतं, पण मार्च ते मे सावलीची जाळी हवी. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र त्याचे हाल होतात. तिथे माझं मत मोरपंखीला. ती उन्हाला चिवट आहे, आकार आपसूकच निमुळता असतो, आणि फांद्या दाट असल्यामुळे चांदण्या नुसत्या खोचल्या तरी राहतात. मुलांना 'हे काही सिनेमातल्यासारखं नाही' असं वाटेल, पण दुसऱ्या वर्षी ते तिलाच आपलं झाड म्हणतील.

जमिनीत लावणार असाल तर

"कुंडीत मोठं झालं की अंगणात लावू" हे सगळेच म्हणतात. आम्हीही म्हणालो होतो. १९९१ साली सासऱ्यांनी घरातलं पहिलं अरोकेरिया आणलं आणि १९९३ च्या पावसात ते ओसरीपासून सहा फुटांवर जमिनीत लावलं. चार फुटांचं गोजिरवाणं झाड. जमिनीत पडल्याबरोबर ते असं सुटलं की वर्षाला दोन-दोन फूट. दहा-अकरा वर्षांत वरून जाणाऱ्या विजेच्या तारेला भिडलं. २००४ च्या मे महिन्यात तारांखालच्या फांद्या छाटायला माणसं आली, आम्ही सगळे एका लग्नाला गेलो होतो. परत आलो तर झाडाचा वरचा चार-पाच फुटांचा भाग अंगणात पडलेला. सासरे ओट्यावर बसून राहिले, जेवले नाहीत. छाटणाऱ्यांनी विचारायला हवं होतं, हे खरंच, पण तारेखाली लावायचं नव्हतं हेही तितकंच खरं. नंतर त्या एका शेंड्याच्या जागी दोन शेंडे फुटले, दोन्ही वेडेवाकडे. झाड अजून आहे, जगलं, पण त्याचा तो देखणा निमुळता आकार गेला तो गेलाच.

तेव्हा जमिनीत लावायचं तर घरापासून निदान वीस-पंचवीस फूट लांब, वर तार नको, खाली सेप्टिक टँक नको. हे झाड मूळ बेटावर दीडशे फुटांच्याही वर जातं. आणि एकदा मोठं झालं की स्वतःच्या अंगणातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते. एवढी जागा नसेल तर ते कुंडीतच वाढवा. कुंडीत वर्षाला चार-सहा इंचच वाढतं, पंधरा वर्षं सहज घरात मावतं.

आणखी एक गोष्ट. झाड कललं म्हणून घाबरू नका. पलीकडच्या वाडीतलं उंच झाड दक्षिणेकडे झुकलेलं आहे, घरधनी काळजीत होते की मुळं सुटली. कुक पाइनची ती सवयच आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच खंडांवरची अडीचशेहून अधिक झाडं मोजली होती. ती विषुववृत्ताकडे कललेली निघाली, सरासरी आठ-साडेआठ अंशांनी. म्हणजे आपल्याकडची दक्षिणेला, ऑस्ट्रेलियातली उत्तरेला. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी लावलेला टेकू काढला.

प्लास्टिकचं झाड कुणी घ्यावं

माझा प्लास्टिकच्या झाडाला सरसकट विरोध नाही. आमच्याकडे २००५ साली एक आलं. तेव्हा सासूबाईंना दम्याचा त्रास होता, कुंडीतली ओली माती घरात नको म्हणाले डॉक्टर. पाच फुटांचं, क्रॉफर्ड मार्केटातून आणलेलं. ते अजून आहे, माझ्या दिराकडे दरवर्षी उभं राहतं. वीस वर्षं वापरलेल्या झाडाला मी नावं ठेवणार नाही. जे लोक दर दोन-तीन वर्षांनी 'जुनं झालं' म्हणून नवं आणतात, त्यांच्याशी माझं भांडण आहे.

ब्रिटनच्या कार्बन ट्रस्ट या संस्थेने याचा हिशेब मांडलेला आहे. दोन मीटरच्या कृत्रिम झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतका बोजा पडतो. तेवढंच खरं तोडलेलं झाड कचऱ्याच्या डेपोत कुजलं तर सुमारे १६ किलो, आणि सणानंतर जाळलं किंवा त्याचा भुसा केला तर साडेतीन किलोच्या आसपास. म्हणजे प्लास्टिकचं झाड दहा-बारा वर्षं वापरलं तरच त्याची चांगल्या रीतीने विल्हेवाट लावलेल्या खऱ्या झाडाशी बरोबरी होते. हा हिशेब तिकडच्या तोडलेल्या झाडाशी आहे. आपलं कुंडीतलं झाड तोडलं जातच नाही, त्यामुळे आपल्याकडे तर प्लास्टिकला आणखीच जास्त वर्षं काढावी लागतील.

त्यामुळे घ्यायचंच तर वीस वर्षं टिकेल असं घ्या. दुकानात चार पावलं मागे जाऊन बघा. मधला दांडा दिसत असेल तर झाड विरळ आहे. एक फांदी धरून टोकाकडून बुंध्याकडे हात फिरवा. तळहातावर हिरवा चुरा आला तर पहिल्याच वर्षी निम्मं झाड लादीवर असेल. स्वस्त झाडं पीव्हीसीच्या पट्टीला कातरून तारेत पिळा घालून केलेली असतात. महागडी पॉलिथिनच्या साच्यातली असतात, ती जास्त खरी दिसतात आणि झडत नाहीत. दोन्ही मिसळलेलं झाड मिळालं तर किंमत आणि टिकाऊपणा यांचा चांगला मेळ बसतो. फांद्या बिजागरीने दांड्याला जोडलेल्या असाव्यात. सुट्या हुकाच्या फांद्या दरवर्षी लावताना आणि काढताना वैताग आणतात, आणि चार हरवल्या की संपलं. पाय लोखंडी तिपाईचे. प्लास्टिकचे पाय घरात लहान मूल असेल तर एका नाताळापलीकडे टिकत नाहीत.

आतच दिवे बसवलेलं झाड घेऊ नका. दिरांनी मधे एकदा शेजाऱ्यांचं बघून तसलं आणलं होतं. दुसऱ्या वर्षी मधला पट्टा पेटेना, तिसऱ्या वर्षी काहीच पेटेना. दुरुस्त कुणी करून देईना. शेवटी जुनंच माळ्यावरून खाली आलं. साधं झाड आणि वेगळी माळ, माळ गेली तर माळ बदला.

माळ्यावरून आठवलं. आपल्याकडे प्लास्टिकचं झाड मरतं ते पावसाळ्यात. किनाऱ्यावरच्या दमट हवेत आतल्या तारा गंजतात, हिरव्या सुयांवर तपकिरी डाग उतरतात. ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून झाड येतं त्यात झुरळं आणि वाळवी दोन्ही घर करतात. म्हणून सात जानेवारीला आधी कोरड्या फडक्याने धूळ पुसा, फांद्या खालून वर मिटवा, दिवसभर सावलीत वारा लागू द्या, मग जुन्या सुती चादरीत गुंडाळून नाडीने बांधा आणि झाकणाच्या ड्रममध्ये किंवा जाड पिशवीत ठेवा. गणपतीच्या आसपास कोरडा दिवस बघून एकदा उघडून वारा द्या. दिराच्या झाडाचं वय याच्यामुळेच वाढलंय.

आणि निकामी झालं तर ते शेकोटीत टाकू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा धूर सुटतो, डोळे आणि छाती दोन्ही भाजून काढतो. भंगारवालाही घेत नाही, कारण तार आणि प्लास्टिक एकमेकांत पिळलेलं असतं. मी तर म्हणते निकामी झाडाच्या फांद्या कापून त्यांचं गोल कडं करा आणि दाराला लावा. चार-पाच वर्षं तेही चालतं.

परदेशात असाल तर

वसईची पुष्कळ मुलं आता कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात आहेत, म्हणून हेही सांगते. माझी नणंद टोरांटोला असते आणि तिथे मी एक नाताळ काढलाय. त्यांच्याकडे तोडलेलं फर आणतात. मला पहिल्यांदा वाईट वाटलं, मग कळलं की ती झाडं आपल्या केळीसारखी शेतातच लावलेली असतात. सहा-सात फूट व्हायला सात ते दहा वर्षं लागतात, एक तोडलं की त्या जागी नवी रोपं लावतात. सणानंतर महापालिका झाडं गोळा करून त्यांचा भुसा करते. तिथे मी तोडलेल्या झाडाच्याच बाजूने आहे. नणंद ते आणल्याआणल्या बुंध्याचा दोन सेंटिमीटरचा काप करवतीने काढते, कारण वाळलेल्या डिंकाने तोंड बंद झालेलं असतं आणि पाणी वर चढत नाही. मग पाण्याच्या स्टँडमध्ये उभं. पहिल्या दिवशी त्या झाडाने चार लिटर पाणी प्यायलेलं मी पाहिलंय. पाणी बुंध्याच्या खाली उतरलं की परत डिंक धरतो, म्हणून रोज बघायचं. त्या झाडाचा जो वास घरभर दरवळतो, तो मात्र कुठल्याही प्लास्टिकला येणार नाही.

आणि झाड नसलंच तर

जागा नाही, पैसे नाहीत, वेळ नाही, म्हणून मन खट्टू करू नका. वसईत पोर्तुगीज १५३४ ते १७३९ होते. त्यांच्याकडून आपल्याकडे आला तो गोठा. सजवलेल्या झाडाची रीत जर्मनीतली. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ साली छापून आलं तेव्हा कुठे ती इंग्रजांत घरोघर पसरली. व्हॅटिकनच्या सेंट पीटर चौकातसुद्धा पहिलं झाड १९८२ साली उभं राहिलं, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात. आमच्या आजीच्या घरी झाड नव्हतं, गोठा होता, आणि नाताळ कुठे कमी पडला नाही. दहा डिसेंबरच्या सुमारास एका परातीत ओली माती पसरून मूठभर नाचणी किंवा गहू दाट पेरा, चोवीसपर्यंत गोठ्यापुढे हिरवं कुरण तयार होतं. दारातल्या लिंबाच्या झाडाला दोन माळा आणि एक तारा बांधला तरी तेही नाताळचंच झाड.

भाच्याला मी शेवटी हे सगळं ऐकवलं. त्याच्या बाल्कनीत सकाळचं ऊन येतं, बायको घरून काम करते, म्हणजे पाणी घालायला माणूस आहे. मग मी म्हटलं, कुंडीतलंच घे, पण माझ्याकडून ने. डिसेंबरात नर्सरीतून उचलू नको. माझ्या ओट्यावर दोन वर्षांपूर्वी लावलेलं दीड फुटाचं रोप आहे, वसईच्याच हवेतलं, मीरा रोडची हवा त्याला परकी वाटणार नाही. रविवारी तो आला, झाड गाडीत पुढच्या सीटवर पट्टा लावून बसवून नेलं. पोरीला मी एक स्टीलची वाटी दिली आणि सांगितलं की बोट मातीत घालून बघायचं, माती बोटाला चिकटली तर पाणी नाही, नाही चिकटली तर दोन वाट्या. काल तिचा फोन आला होता. चिकटली म्हणाली.